पायाळू, धैर्य एक

मूलचंदशेठच्या पाठीत उसण भरली की तीर्थपुरीतलं त्यांचं कापड दुकान दहा मिनिटं थांबायचं. शेठ गादीवर पालथे व्हायचे, शेठाणी बसंतीबाई मागच्या घरातून येऊन चादरीचा आडोसा धरायच्या, आणि मच्छिंद्र गिऱ्हाईकापुढं उलगडलेलं थान तसंच टाकून, चप्पल काढून, शेठच्या पाठीवर उजवा पाय हळूच टेकवायचा.

"जरा दाबून दे रे," शेठ गादीत तोंड खुपसून म्हणायचे. "भिऊ नको, मोडत न्हाई मी."

मच्छिंद्र पायाळू होता. सगळी माणसं जन्माला येताना डोकं पुढं करून येतात, हा पाय पुढं करून आला. आता यात त्याचा काय दोष? पण गावानं बावन्न वर्षं हा विषय सोडला नाही. पायाळूचा पाय लागला की उसण उतरते म्हणतात, म्हणून अर्ध्या तालुक्याच्या पाठी त्यानं तुडवलेल्या होत्या. पायाळूवर वीज पडते म्हणतात, म्हणून आभाळात नुसतं गुरगुरलं तरी तो समोर येईल त्या घरात शिरायचा. आणि तिसरी गोष्ट त्याच्या आत्यानं त्याला सहाव्या वर्षीच सांगून ठेवली होती. जमिनीतलं गुप्तधन फक्त पायाळूला दिसतं, म्हणून धन काढणारे त्याला गोड बोलून नेतात आणि काम झालं की तिथंच त्याचा बळी देतात. आत्या आता नाही, पण ती गोष्ट आठवली की मच्छिंद्रला अजून दरदरून घाम फुटायचा.

एवढं पोटात घेऊन जगणारा माणूस भित्रा होणार नाही तर काय होणार? एकदा थानावर पाल पडली तर हा काउंटरवर चढून बसला होता, आणि गिऱ्हाईक बाईनं पाल हाकलली होती. मोजमापात मात्र पक्का. तीस वर्षांत त्याच्या गजाखालून कोणाला एक बोटभर कापड कमी गेलं नाही की जास्त गेलं नाही.

दिवाळी पंधरा दिवसांवर आली होती. मंगळवारी एका बाईला जांभळे ब्लाऊज पीस हवे होते, म्हणून मच्छिंद्र वर माडीत गेला. माडी म्हणजे दुकानाचं गोडाऊन. फळीवरचं खोकं त्यानं काढलं, उघडलं आणि बघतच राहिला.

खोक्यात ब्लाऊज पीस नव्हते. वर एक बाहुला होता, बोटभर उंचीचा, चिंध्यांचा. पांढरा सदरा, खाकी पँट, डोक्यावर टक्कल. उजव्या पायातून आरपार टाचणी खुपसलेली. मच्छिंद्रनं स्वतःच्या अंगावर बघितलं. पांढरा सदरा, खाकी पँट. टकलावरून त्यानं हात फिरवला.

बाहुल्याखाली खाकी कागदावर काढलेला नकाशा होता. नदी, डोंगर, देऊळ, आणि डोंगराच्या पोटात तांबडी फुली. त्याखाली वही. वहीतलं अक्षर शेठच्या मुलाचं, अर्पितचं होतं, ते मच्छिंद्रनं लगेच ओळखलं.

"पायाळू. वय बावन्न. बळ तीन. अक्कल सहा. पळणे नऊ. धैर्य एक," असं एका पानावर होतं. पान उलटलं. "गुप्तधन डोंगराखाली. ते पायाळूलाच दिसतं. उंबऱ्यावर पायाळूचं रक्त सांडल्याशिवाय दार उघडत नाही." त्याखाली नावं. "अतिक, खंजीर दोन. कनिका, धनुष्य. गजाला, मांत्रीण. मी, वाटाड्या." आणि सगळ्यात शेवटी, दोनदा अधोरेखित केलेलं: "रविवारी दुपारी तीन. पायाळू राहतो का जातो ते तेव्हाच ठरेल. मच्छिंद्रकाकांना कळता कामा नये."

मच्छिंद्रच्या पाचावर धारण बसली. खोकं त्यानं जसंच्या तसं ठेवलं, जिना कसा उतरला ते त्याचं त्याला कळलं नाही, आणि खाली येऊन बाईला जांभळ्याऐवजी पिवळे ब्लाऊज पीस दिले. बाई त्याचं तोंड बघून तेच घेऊन गेल्या.

आता एक एक उलगडायला लागलं. अर्पित पुण्याला शिकून आल्यापासून गल्ल्याजवळ बसून जाडजूड इंग्रजी कादंबऱ्या वाचायचा. कव्हरावर पंखवाले राक्षस आणि तलवारी. दर रविवारी दुकान बंद असलं की अर्पित, त्याची बहीण कनिका, दुकानाच्या ओट्यावर मशीन टाकून बसणारा शिंपी अतिक आणि अतिकची बहीण गजाला, असे चौघं दुपारी माडीत दार लावून बसायचे. घरी सांगितलं होतं, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास.

'हा अभ्यास व्हय रे!' मच्छिंद्र मनात म्हणाला.

घरी जाऊन त्यानं दाराला आतून कडी घातली आणि बायकोला, शीतलला, सगळं सांगितलं. ती मिरच्यांचे देठ खुडत होती. खुडता खुडता ऐकून घेतलं.

"कोण, गजाला? ती पोरांच्या गणिताच्या शिकवण्या घेती ती? ती मांत्रीण?"

"वहीत लिवलंय!"

"आन अतिकचं खंजीर?"

"कात्री न्हाई का त्याची? एवढी मोठी हाय!"

"अवो, बळी द्यायला धडधाकट माणूस बघतेत. तुमाला कोण घेऊन राह्यलं?" शीतल म्हणाली. "जेवा गपचिप. मी सरळ डोक्याकडून आले, मला बाई असली धास्ती कधी पडली न्हाई."

हे ती लग्नापासून ऐकवत आलेली होती. मच्छिंद्रला घास गेला नाही.

बुधवारी सकाळी गजाला शिकवणीला जाता जाता दुकानात थांबली. मच्छिंद्रनं तिच्या पहिलीच्या गणवेशाचं कापड स्वतःच्या हातानं फाडलेलं होतं, तेव्हापासून ती त्याला काका म्हणायची.

"काका, एक विचारू? तुम्ही जन्मले तवा कोणता पाय अगोदर आला? उजवा का डावा?"

मच्छिंद्रच्या हातातला गज खाली पडला.

"का... कशाला पाहिजे तुला?"

"असंच. माहीत असलेलं बरं," गजाला गोड हसली आणि गेली. गोड बोलून नेतात, आत्या म्हणाली होती.

त्याच दुपारी कनिका डबा घेऊन आली. आईनं काकांसाठी दाल-बाटी पाठवली आहे म्हणाली. बाट्या तुपात बुडालेल्या. एरवी बसंतीबाई दोन बाट्या पाठवायच्या, आज चार होत्या. मच्छिंद्र डब्याकडं बघत राहिला.

"काका, रक्त बघून तुम्हाला चक्कर येती का हो?" कनिकानं सहज विचारलं.

"कोणाचं रक्त?"

"समजा, तुमचंच."

मच्छिंद्रनं डबा ओट्यावरच्या कुत्र्याला घातला आणि संध्याकाळपर्यंत कुत्र्यावर नजर ठेवली. कुत्रं ठणठणीत राहिलं, उलट दुसऱ्या दिवशी शेपूट हलवत पुन्हा आलं. म्हणजे विष नाही, मच्छिंद्रनं हिशेब केला, म्हणजे नुसतं पोसून राह्यलेत.

गुरुवारी तर कळसच झाला. रात्रभर झोप नव्हती, म्हणून जेवणानंतर थानाला टेकून त्याचा डोळा लागला. कानाशी 'कचक' असा आवाज झाला. डोळे उघडले तर अतिक! एका हातात कात्री, दुसऱ्या हातात मच्छिंद्रच्या कानामागचे चार पांढरे केस.

"माफ करा काका," अतिक गडबडला. "थोडेच घेतले. काम हाय जरासं."

"कसलं काम?"

"रविवारनंतर सांगतो ना. सब बराबर करतो, तुम्ही बिलकुल टेन्शन घेऊ नका." आणि केस कागदाच्या पुडीत बांधून तो आपल्या मशीनवर जाऊन बसला.

केस! बाहुला होता, टाचणी होती, आता केसही गेले. शेठना सांगावं, तर पोरं त्यांचीच. शेठ म्हणजे देवमाणूस, पण गुप्तधन म्हटल्यावर देवमाणसाचंही काही सांगता येत नाही. शेवटी शुक्रवारी त्यानं पोटात कळ आली म्हणून सुट्टी मागितली आणि घनसावंगीला जाणारी जीप पकडली. तिथं जाऊन फिर्याद द्यायची, मग पुढचं पुढं.

जीपमध्ये अकरा माणसं होती. मच्छिंद्रच्या मांडीला मांडी लावून राजानंद जमादार बसलेले होते. जमादार दोन वर्षांपूर्वी पोलिसातून रिटायर झालेले, पण मिशा अजून नोकरीवर होत्या. मच्छिंद्रला वाटलं, देवच भेटला. आधी यांचाच सल्ला घ्यावा.

"जमादारसाहेब, समजा एखाद्या गावात कोणी गुप्तधन काढून राह्यलं असंल..."

"कुठं?" जमादार एकदम सरळ बसले.

"समजा म्हणलं मी."

"तू त्यो कापड दुकानातला पायाळू न्हाई का? माझ्या मेव्हण्याची पाठ तूच उतरवली व्हती." जमादारांनी त्याचा गुडघा धरला. आवाज बारीक केला. "तुला दिसलंय व्हय रे? कोणाला सांगितलं तर न्हाईस ना? चल, चहा घेऊ. दोघंच. मेव्हण्याकडं कुदळ हाय."

मच्छिंद्र उसाच्या एका फडापाशी जीपमधून उतरला. म्हणजे उडीच मारली. पाच किलोमीटर चालत परत आला, आणि वाटेत जेवढी म्हणून माणसं भेटली त्या सगळ्यांच्या हाताकडं कुदळ आहे का ते बघत आला.

शनिवारी दुकान बंद करताना अर्पित जवळ आला. "काका, उद्या दुपारी तुम्ही कुठं असणार?"

"घ-घरी."

"मग घरीच राहा हं. इकडं येऊ नका उद्या. आराम करा," अर्पितनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. हात ठेवताना त्याला वाईट वाटत होतं, हे मच्छिंद्रला स्पष्ट दिसलं. पोरगा तसा मनाचा चांगला होता.

घरी राहा म्हणाला म्हणजे घरी येणार. हे समजायला काही फार अक्कल लागत नाही, सहा पुरते. रविवारी दुपारी अडीचला मच्छिंद्रनं पिशवीत एक धोतर आणि तांब्या टाकला. जांब समर्थला जायचं, देवळात बसायचं, दिवस मावळला की परत यायचं. देवळात कोण हात लावतंय?

"तू पण चल," तो शीतलला म्हणाला.

"माझ्या मिरच्या वाळून राह्यल्यात. तुम्हीच जाऊन या, दर्शन तरी व्हईल." शीतलनं आभाळाकडं बघितलं. "छत्री न्या."

आभाळाकडं मच्छिंद्रनं बघितलंच नव्हतं. परतीच्या पावसाचे ढग घनसावंगीच्या बाजूनं काळेकुट्ट होऊन आलेले होते. तो स्टँडपाशी पोचतोय तोच एक वीज अशी कडाडली की त्याच्या हातातली छत्री गळाली. जीप नव्हती. कोणी जीपवाला अशा पावसात निघणार नव्हता. चहाची टपरी बंद. पुढं मोकळं मैदान, मागं मोकळा रस्ता, आणि मध्ये एकटा पायाळू.

दुसरी वीज पडली ती फार लांब पडली नाही.

जवळ छप्पर एकच होतं. मूलचंदशेठचं दुकान, आणि त्याची किल्ली मच्छिंद्रच्या करगोट्याला. इकडं वीज, तिकडं खंजीर. मच्छिंद्रनं विचार करायला घेतला, तेवढ्यात तिसरी कडाडली आणि त्याच्या पायांनीच काय ते ठरवलं. शटर हातभर वर करून तो लोळत आत गेला, शटर ओढून घेतलं आणि काउंटरखाली जाऊन बसला. दात वाजत होते म्हणून त्यानं तोंडात उपरण्याचं टोक धरलं.

भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. वर माडीच्या लाकडी तक्तपोशीतून आवाज येत होते. एक एक शब्द स्वच्छ.

"पायाळू खाली उतरलाय," अर्पितचा आवाज. "एकटाच हाय. चिंब भिजलेला. मागचं दार लागलंय, आता त्याला बाहेर पडता येणार न्हाई."

मच्छिंद्र काउंटरखाली आणखी आत सरकला. यांना दिसतंय कसं? गजाला मांत्रीण आहे, हे तो विसरलाच होता.

"मंग आता?" कनिका.

"आता रक्त. त्याशिवाय दार उघडणार न्हाई, आन दार उघडलं न्हाई तर आपण चौघं बी इथंच मेलो. अतिक, खंजीर तुझ्याकडं हाय."

"माझ्याच्यानं न्हाई व्हत यार," अतिक म्हणाला. "काका हैत ते."

"नियम म्हणजे नियम. कोणाला तरी मरावंच लागंल."

मग गजालाचा आवाज आला. आवाज कापत होता. "मंग मला मारा. काकांच्या जागी मी जाते. माझं रक्त घ्या, पण त्यांना सोडा."

"विचार करून बोलून राह्यली का?"

"केला विचार. काढ खंजीर, अतिक."

काउंटरखाली मच्छिंद्रच्या तोंडातून उपरणं पडलं. ही पोरगी! पहिलीच्या गणवेशाचं कापड घेताना काउंटरपर्यंत हात पुरत नव्हता हिचा. आणि ही आपल्यापायी मरून राह्यली, सख्ख्या भावाच्या हातानं, आणि आपण इथं उपरणं चावत बसलोत? त्याला स्वतःची लाज वाटली. भीती कमी झाली असं मुळीच नाही, ती होती तेवढीच होती. पण तो उठला. अंधारात हाताला लोखंडी गज लागला, तो उचलला, आणि ज्या जिन्यानं मंगळवारी घाबरून उतरला होता त्याच जिन्यानं दोन दोन पायऱ्या चढत वर गेला.

माडीचं दार लाथेनं उघडलं. उजव्या पायानं.

"पोरीला हात लावायचा न्हाई!" तो ओरडला. "मला मारायचं ना? या! समोरून या, एक एक या!"

त्याच क्षणी वीज कडाडली आणि लाईट गेली. चौघांनी अशा किंकाळ्या फोडल्या की मागच्या घरातून बसंतीबाईंनी "काय झालं रे?" म्हणून विचारलं. दारात चिंब भिजलेला, टकलावरून पाणी गळणारा, हातात गज घेतलेला पायाळू उभा. कनिका साड्यांच्या गठ्ठ्यामागं, अतिक टेबलाखाली. अर्पितचा चेहरा पांढराफटक. एकटी गजाला जागेवर होती, तीसुद्धा उठता आलं नाही म्हणून.

"का-काका?" अर्पितची बोबडी वळली. "तुम्ही खरे हाय का?"

"खंजीर कुठंय?"

अतिकनं टेबलाखालून हात वर केला. हातात एक कागदाचा तुकडा होता. त्यावर पेन्सिलनं लिहिलं होतं, 'खंजीर दोन'.

मग मोबाईलचे उजेड लागले, आणि मच्छिंद्रनं बघितलं. टेबलावर नकाशा, नकाशावर चिंध्यांचे पाच बाहुले थर्माकोलात टाचण्यांनी उभे केलेले. टाचणी पायातून गेल्याशिवाय बाहुला उभा कसा राहणार? मधल्या बाहुल्याला आता पांढरी मिशी होती. ती कोणाच्या केसांची, हे विचारायची गरज नव्हती. बाजूला वेफरची पाकिटं आणि वीस तोंडांचा एक निळा फासा.

"खेळ हाय काका," गजाला म्हणाली. तिचे डोळे खरोखरच ओले होते. "नुसता खेळ. आम्ही एक एक माणूस बनतो, अर्पित गोष्ट सांगतो, आन काय व्हतं ते फाशावर ठरतं."

"मंग चोरून कशाला?"

"बाबूजींनी फासा बघितला की जुगारच समजतील," कनिका गठ्ठ्यामागून म्हणाली. "घरातून काढतील आम्हाला."

मच्छिंद्र मटकन गठ्ठ्यावर बसला. जीव वाचला होता. आनंद व्हायला पाहिजे होता, पण आठवडाभराच्या भीतीला एकदम जायला जागा सापडत नव्हती. "आन ह्यात मी कशाला?" त्यानं विचारलं. "गावात दुसरं कोणी भेटलं न्हाई?"

अर्पितनं मान खाली घातली. "त्या कादंबऱ्या वाचून हा खेळ सुरू केला काका. पण त्यात सगळा बर्फ, किल्ले, पंखवाले राक्षस. गजाला म्हणली, आपण कोणी बर्फ बघितला न्हाई, गोदावरीकाठची गोष्ट कर. आता त्या पुस्तकात एक माणूस असतो बघा. जन्मापासून निवडलेला. अंगावर खूण घेऊन आलेला. सगळ्या राज्याचं भलं त्याच्या हातानं व्हायचं असतं. मंग आम्ही शोधलं, आपल्याकडं जन्मापासून निवडलेलं कोण हाय?"

गजालानं मोबाईलचा उजेड मधल्या बाहुल्यावर धरला.

"तुम्हीच व्हते," अतिक टेबलाखालून बाहेर येत म्हणाला. "हिरो तुम्ही हैत काका. तीन महिने झाले."

बावन्न वर्षांत मच्छिंद्रच्या पायाचं कौतुक पुष्कळ झालं होतं, पण ते पाठी दुखायच्या तेव्हा. त्यानं उपरण्यानं तोंड पुसलं, नाक पुसलं, आणि मग त्याला एकदम आठवलं.

"हिरो ना? मंग धैर्य एक कोणी लिवलं?"

अर्पितनं वही हळूच मिटली.

"काका, ती पाल..." कनिकानं सुरुवात केली.

"पालीचं सोड! आत्ता काय केलं मी? खाली एकटा व्हतो. वर चौघं, खंजीर, धनुष्य, मांत्रीण. तरी आलो का न्हाई? माप चुकलंय तुमचं. पुन्हा मोजा."

अर्पितनं वही उघडली. चौघांनी बराच वेळ कुजबुज केली, आणि 'एक' खोडून तिथं 'चौदा' लिहिलं. मच्छिंद्रनं ते वाचलं, दोनदा वाचलं, आणि मान हलवली.

"बराबर हाय. आता सांगा, माझं काय व्हणार हाय?"

"तुम्ही गजालाला मागं ओढलं, आन स्वतः उंबऱ्यावर उभे राहिले," अर्पित म्हणाला. "आता फासा टाकायचा. चौदा किंवा त्याच्या आत पडला तर पायाळू टिकतो, दार बी उघडतं. वर पडला तर दार उघडतं, पण पायाळू जातो."

"आण इकडं."

मच्छिंद्रनं फासा मुठीत धरला. खेळ आहे हे माहीत होतं, तरी त्यानं देवाचं नाव घेतलं. डोळे मिटून त्यानं फासा टाकला. फासा नकाशावरून घरंगळला, वेफरच्या पाकिटाला अडला आणि थांबला. चार मोबाईलचे उजेड त्याच्यावर पडले.

पंधरा.

"न्हाई!" गजाला ओरडली. "पाकिटाला लागला, हा धरायचा न्हाई! परत टाका काका!"

"धैर्य पंधरा करू," अतिक म्हणाला. "एकानं काय फरक पडतो? अर्पित, जल्दी लिव पंधरा."

अर्पितनं पेन उचललंसुद्धा. मच्छिंद्रनं त्याचा हात धरला.

"तीस वर्षं झाली," तो म्हणाला, "एक बोट इकडंतिकडं केलं न्हाई. चौदा म्हंजे चौदा. दार उघडलं?"

"हो काका."

"तुम्ही चौघं वाचले?"

"हो."

"आन मी मेलो?"

गजालानं नुसती मान हलवली आणि तोंडावर ओढणी धरली. मच्छिंद्रनं टेबलावरचा आपला बाहुला हळूच उचलला, त्याच्या पायातली टाचणी उपसून काढली, आणि त्याला नकाशावर आडवं निजवलं. बाहेर वीज कडाडली, माडीचे पत्रे हादरले, चौघं पुन्हा दचकले. मच्छिंद्र बाहुल्याची मिशी सारखी करत होता.

"पण तुम्हाला परत खेळता येतं," अर्पित घाईघाईनं म्हणाला. "नवा माणूस बनवायचा. तिरंदाज, वैद्य, राजा, काय पाहिजे ते. सांगा, काय लिहू?"

मच्छिंद्रनं उपरणं झटकून खांद्यावर टाकलं.

"राजाबिजा नको," तो म्हणाला. "काय बी चालंल. फक्त डोक्याकडून जन्मलेला लिव."

तो घरी निघाला तेव्हा पाऊस धो धो पडत होता आणि विजा थांबलेल्या नव्हत्या. शीतल दारातच उभी होती. नवरा मैदानातून, मोकळ्या आभाळाखालून, स्टँडपाशी पडलेली छत्री उचलून मिटलेलीच धरून रमतगमत येताना बघून तिनं कपाळावर हात मारला.

"अवो पळा! विजा दिसून राह्यल्या न्हाईत का तुमाला?"

"मला काय व्हतंय?" मच्छिंद्र म्हणाला. "मी साडेतीनलाच गेलो. जेवायला काय हाय?" त्या दिवशी तो मंगळवारपासूनचं सगळं जेवण एकदम जेवला.

सोमवारी सकाळी दुकान उघडून अर्धा तास झाला नसेल, तोच गादीवरून कण्हण्याचा आवाज आला. मूलचंदशेठ पालथे झालेले होते. बसंतीबाईंनी चादर धरलेली होती. गल्ल्याजवळ अर्पित मान खाली घालून वाचत होता, ओट्यावर अतिकचं मशीन चालू होतं.

"मच्छिंद्र, जल्दी ये रे! लई बेकार भरलीय आज. पाय दे."

मच्छिंद्र गिऱ्हाईकापुढं थान धरून उभा होता. त्यानं गज लावला, सात मीटर मोजले, कापड टरकन फाडलं, घडी घातली.

"शेठ, कोपऱ्यावरच्या डॉक्टरला बोलावतो," तो म्हणाला. "त्यो पायाळू काल वारला."

अतिकचं मशीन थांबलं. अर्पितनं पुस्तक तोंडापुढं धरलं. शेठनी गादीतून कष्टानं मान वर काढली आणि चादरीच्या आडून डोळे फाडून बघितलं.

"वारला? अरे, मंग तू कोण हायेस?"

"अजून ठरायचंय," मच्छिंद्र म्हणाला, आणि पुढचं थान उलगडायला घेतलं.